महात्मा फुले जन आरोग्य योजना: झोपलात तर सगळं फुकट, उभे असाल तर खिशात हात घाला

आमच्या अप्पांच्या छातीत सध्या दोन स्टेंट, म्हणजे हृदयाची नळी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या आहेत आणि दोन्ही सरकारच्या पैशातले आहेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जी कुरकुर करणारे ती वाचून कुणी म्हणायला नको की फुकटचं खाऊन वर नावं ठेवतोय. नावं ठेवणारच आहे. पण आधी झालं काय ते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गाव वैरागच्या पलीकडं, रात्री अडीचला अप्पा उठून बसले, म्हणाले पित्त झालंय. आईनं सोडा दिला, लिंबू दिलं, जिऱ्याचं पाणी दिलं. घामानं बनियन भिजायला लागलं तेव्हा मी 108 ला फोन लावला. गाडी आली अर्ध्या पाऊण तासात, आली हे महत्त्वाचं, फुकट आली, आत डॉक्टर होता, त्यानं ऑक्सिजन लावला आणि एक गोळी चघळायला दिली. सोलापूरला पोचलो तेव्हा उजाडत होतं. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले ॲटॅक आहे, लगेच कॅथलॅबमध्ये, म्हणजे स्टेंट घालतात त्या खोलीत घ्यायला लागेल, आणि त्याच दमात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कॅश का इन्शुरन्स का योजना?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला पाच सेकंद लागले असतील पण आयुष्यात तेवढे लांब पाच सेकंद दुसरे नाहीत. कॅशचा आकडा होता एक लाख ऐंशी हजार "अंदाजे". घरात सोयाबीन पेरून महिना झालेला, म्हणजे हातात काय असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मी योजना म्हणालो.

तर आता योजना म्हणजे नक्की काय ते थोडक्यात, कारण अर्ध्या लोकांना अजून वाटतं की ही फक्त पिवळ्या कार्डवाल्यांची आहे. आपल्याकडं 1997 पासून जीवनदायी योजना होती, मग 2 जुलै 2012 ला राजीव गांधींच्या नावानं नवी आली, पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यात आमचं सोलापूर होतं, 2013 च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात गेली, 2017 ला नाव बदलून महात्मा फुले झालं. तेव्हा दीड लाखाचं संरक्षण, आणि कार्ड पिवळं नाहीतर केशरी लागायचं. पांढऱ्या कार्डवाल्यांपैकी मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांतले सातबारावाले शेतकरी तेवढे आत, बाकीचे बाहेर. दुसरीकडं 2018 ला केंद्र सरकारची आयुष्मान भारत आली पाच लाखांची, ती ह्याच्यात जोडली गेली. मग 2023 ला निर्णय झाला आणि 1 जुलै 2024 पासून कार्डाचा रंगच काढून टाकला, पिवळं केशरी पांढरं कुठलंही असू दे, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. यादीत तेव्हा 1,356 उपचार झाले. म्हणजे कागदावर तरी महाराष्ट्रात आता सगळ्यांना आरोग्य संरक्षण आहे. मास्तर असो, मजूर असो, बंगलेवाला असो. हे मोठं काम आहे आणि त्याचं कौतुक जितकं व्हायला पाहिजे तितकं झालेलं नाही असं माझं मत.

बरं, परत काउंटरवर.

योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा एक आरोग्यमित्र बसतो. आमच्या इथं ताई होत्या, टेबल कुठं, तर कँटीनच्या बाजूला झेरॉक्स मशीनच्या मागं, शोधायला वीस मिनिटं गेली. हे मुद्दाम असतं का मला माहीत नाही पण कॅशचा काउंटर मात्र दारातच होता. ताई मात्र एक नंबर. रात्रपाळी संपत आलेली, डोळे लाल, तरी म्हणाल्या, "दादा, आधी पेशंटला आत जाऊ द्या, इमर्जन्सी आहे, फोनवर मंजुरी घेते, कागदं नंतर बघू." आणि खरंच तसं झालं. अप्पा आत गेले, कागद मागनं आले. ज्यांना वाटतं सरकारी योजना म्हणजे माणूस मेल्यावर मंजुरी येते त्यांनी हे वाक्य परत वाचा.

कागदांचा खेळ मात्र नंतर तीन दिवस चालला. आधारवर नाव ज्ञानोबा, रेशनकार्डवर ग्यानबा. माणूस एकच, खाट एकच, छातीवर पट्टी एकच, पण कॉम्प्युटरच्या हिशोबानं दोन. अंगठा लावला तर अंगठा उठेना, चाळीस वर्षं कासरा आणि खुरपं धरलेल्या बोटावर रेघा राहतात कुठं. मग म्हणाले ओटीपी घ्या. ओटीपी गेला आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर अप्पांनी कधीच फेकून दिलेल्या सिमचा. आता कळलं की ह्या नंबरच्या भानगडीत आम्ही एकटे नाही, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं 2023 ला आयुष्मानचा जो अहवाल दिला त्यात साडेसात लाखाच्या आसपास माणसं एकाच मोबाईल नंबरवर नोंदलेली सापडली होती आणि तो नंबर होता दहा वेळा नऊ. वाचून हसू आलं खरं, पण त्या दिवशी मी स्वतः असाच कुठलातरी नंबर टाकायला तयार होतो. शेवटी चेहरा दाखवून केवायसी झाली आणि तहसीलमधनं नावाचं प्रतिज्ञापत्र आणलं, त्यासाठी दाजी मोटारसायकलवर पावसात एका दिवसात दोन चकरा मारून आले.

आता हॉस्पिटलचं, नाव घेत नाही. ऑपरेशन झकास केलं. डॉक्टर नीट बोलले, सिस्टर लोक चांगले, योजनेचा पेशंट म्हणून वॉर्डात हिडीसफिडीस केली नाही. पण दुसऱ्या दिवशी एकजण येऊन म्हणाला की अँजिओग्राफीचे वेगळे भरा आणि "बाहेरच्या औषधांचे" डिपॉझिट, मिळून 18 हजार. मी भरले. कुणीपण भरेल, बाप आयसीयूत असताना वाद घालत कोण बसतं. पावती मागितली तर साध्या कागदावर. आरोग्यमित्र ताईंना दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या पॅकेजमध्ये आहे हे सगळं, तुम्ही हेल्पलाईनला तक्रार करा. 155388 ला केली. तीन वेळा केली. डिस्चार्जच्या दिवशी 11 हजार परत मिळाले, सात हजार "तपासण्यांचे" म्हणून राहिले ते राहिलेच. एक लाख ऐंशी हजारांपुढं सात हजार म्हणजे काहीच नाही असं मी मनाला समजावलं आणि तिथंच बहुतेक सगळे पेशंट समजावत असतील, त्यावरच हे चालतं.

डॉक्टरांची बाजू पण ऐकली मी नंतर. माझा शाळेतला मित्र सर्जन आहे, तालुक्याला वीस खाटांचं हॉस्पिटल, योजनेत होता, आता बाहेर पडलाय. तो म्हणतो, "पॅकेजचे रेट परवडत नाहीत आणि जे आहेत ते वेळेवर येत नाहीत, सिस्टरचा पगार मी एक तारखेला देतो, सरकार मला देतं तेव्हा देतं." त्यानं सांगितलं की लहान हॉस्पिटल बाहेर पडतात आणि मोठी टिकतात कारण त्यांच्याकडं कॅशवाले पेशंट असतात, तिकडनं इकडं भरून काढतात. आता तुमच्या तालुक्यात योजनेचं हॉस्पिटलच नसेल तर पाच लाखांचं संरक्षण असून काय करायचं, सोलापूर गाठा. काही ऑपरेशनं तर फक्त सरकारी हॉस्पिटलासाठी राखीव, म्हणजे कार्ड असून खाजगीत होत नाहीत, हे लोकांना तिथं गेल्यावर कळतं. "योजनेचे बेड फुल आहेत" हे वाक्य पण खूप जणांनी ऐकलं असेल, कॅशचा बेड मात्र मिळतो. मित्राला मी हे विचारलं तर तो गप्प बसला आणि चहा मागवला.

आमच्या धाकट्या काकूचं वेगळं सांगायला पाहिजे. तिला आठवड्यातनं दोनदा डायलिसिस लागतं, किडन्या गेल्यात दोन वर्षं झाली. योजनेत होतं, एक रुपया घेत नाहीत. वर्षाला शंभराच्या वर बसण्या होतात, खाजगीत पैसे मोजून केल्या असत्या तर काकांचं दीड एकर पहिल्याच वर्षी गेलं असतं. एसटीनं जाते, सकाळी सहाला निघते, चारला परत, डबा घेऊन. इंजेक्शनं मधनंमधनं विकत आणायला लागतात, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं जमतं. तिला कुणी योजनेबद्दल विचारलं तर ती नुसती हात जोडते. मी तिच्यासमोर कधी कुरकुर करत नाही.

आणि विमा कंपनीशी तुलना कराल तर योजना शंभर पटीनं बरी. माझी स्वतःची पॉलिसी आहे कंपनीतनं, त्यात अप्पांना घालायचं म्हणून विचारलं होतं तर साठीच्या पुढचा प्रीमियम ऐकून फोन ठेवला, शिवाय आधीपासनं बीपी असेल तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायची अट घालू शकतात. योजनेत प्रीमियम नाही, थांबणं नाही, आधीचा आजार आहे का कुणी विचारत नाही. सत्तरी पार केलेल्यांना तर ऑक्टोबर 2024 पासून केंद्राचं वय वंदना कार्ड वेगळं आहे, उत्पन्न कितीही असू दे. अप्पा 64 चे आहेत, म्हणजे अजून सहा वर्षं.

आता खरी तक्रार. इथपर्यंत जे लिहिलं ते बाकीच्या रिव्ह्यूतपण मिळेल.

डिस्चार्जच्या वेळी अप्पांना दहा दिवसांची औषधं योजनेतनं मिळाली. पिशवी भरून. अकराव्या दिवशी मी मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली, रक्त पातळ करायच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, बीपीच्या दोन, पोटाची एक, महिन्याचं बिल 1,900 च्या आसपास. वर्षाचे बावीस-तेवीस हजार. वर दर तीन महिन्याला डॉक्टरला दाखवायचं, टू-डी इको, रक्त तपासणी. हे सगळं योजनेबाहेर. कारण योजना मुख्यतः ॲडमिट झालेल्या माणसाची आहे. खाटेवर आडवे झालात तर पाच लाख, उठून घरी चालायला लागलात की तुमचं तुम्ही बघा.

मी पुण्याला असतो, पैसे पाठवत होतो, मला वाटलं चाललंय नीट. दिवाळीला गेलो तर गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि हिशोब लागेना. तारीख बघितली, पाकिटं मोजली. अप्पा ती रक्त पातळ करायची महागडी गोळी एक दिवसाआड घेत होते. विचारलं तर म्हणाले, "आता काय दुखत न्हाई बाबा, कशाला रोज. तेवढ्यात औषध फवारणी निघती." पिकाची फवारणी. मी त्यांना घेऊन तसाच सोलापूरला गेलो, डॉक्टर एवढे चिडले, म्हणाले पहिलं वर्षभर ही गोळी चुकवायची नाही, स्टेंटमध्ये गाठ झाली तर परत ॲटॅक. मग मी डॉक्टरांना विचारलं, आणि परत ॲटॅक आला तर? ते म्हणाले योजनेत होईल ना.

हे ऐकून मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. सरकार दुसऱ्या अँजिओप्लास्टीचे, म्हणजे परत स्टेंट घालायचे पैसे द्यायला तयार आहे पण ती टाळणाऱ्या गोळीचे द्यायला तयार नाही! हा हिशोब कुठल्या गाढवानं मांडला असेल. साधा शेतकरीपण मोटर जळायची वाट बघत नाही, आधी तेलपाणी करतो.

नाही म्हणायला सोय आहे. आयुष्मान भारतचा दुसरा पाय म्हणजे गावोगावची उपकेंद्रं, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, बोर्ड नवीन आहे, रंग छान पिवळा. तिथं बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेपण घेत नाहीत. मी अप्पांना घेऊन गेलो जवळच्या एका केंद्रात, सिस्टर बिचाऱ्या मनापासनं काम करणाऱ्या, बीपी मोजलं, वहीत लिहिलं, एक बीपीची गोळी मिळाली, दुसरी "पुढच्या इंडेंटला", म्हणजे औषधांच्या पुढच्या मागणीत "येईल", आणि हृदयाची ती महागडी तिथं नसतेच, तिच्यासाठी जिल्ह्याला. जिल्ह्याला म्हणजे अप्पांचा एक दिवस आणि शंभर-दीडशे रुपये, गोळी फुकट असली तरी. शेवटी जन औषधीच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातनं घ्यायला लागलो, बिल निम्म्याच्या खाली आलं. हे मला डिस्चार्जच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तीन महिने वाया गेले नसते. डिस्चार्ज कार्डावर जन औषधीचा साधा शिक्का मारायला काय जातंय.

गंमत म्हणजे हे सगळं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. आपल्या नाशिकात जन्मलेले जोसेफ भोर, त्यांच्या समितीनं 1946 ला अहवाल दिला होता की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये आणि त्यासाठी पाया धरा प्राथमिक केंद्राचा, मग वर तालुका, मग जिल्हा. दोन वर्षांनी, 5 जुलै 1948 ला ब्रिटननं त्यांची एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, खालपासून वरपर्यंत सगळं. आम्ही पाया अर्धा ठेवून थेट गच्ची बांधली. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 ला 64.2 टक्के होता तो 2021-22 ला 39.4 वर आला असं सरकारी आकडे सांगतात, चांगलंच आहे, पण त्या उरलेल्या 39 मध्ये आमच्या अप्पांच्या गोळ्यांसारखं किती असेल विचार करा.

एनएचएसचं नाव काढलं की माझा मामेभाऊ आठवतो, तो लीड्सला असतो. तो म्हणतो तिकडं उलटं. गोळ्यांची काळजी नाही, इंग्लंडात एका औषधामागं 9.90 पौंड, साठीच्या वर फुकट, स्कॉटलंडात तर सगळ्यांनाच फुकट, मात्र गुडघ्याचं ऑपरेशन म्हणालात की रांग. 2023 ला तिकडची वेटिंग लिस्ट 77 लाखांवर गेली होती, 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हायला पाहिजेत असा त्यांचा नियम असून. आणि आपल्या माणसांना तिथं ते फुकट पण नाही, व्हिसाबरोबर वर्षाला 1,035 पौंड आरोग्याचे वेगळे भरायला लागतात, पगारातनं टॅक्स कापून वर. तो म्हणाला, "दादा, तुझ्या अप्पांची अँजिओप्लास्टी इमर्जन्सी होती म्हणून इथंपण लगेच झाली असती, पण गुडघ्याच्या ऑपरेशनला मी वर्षभर धरून चालतो." मी म्हणालो, आमच्याकडं गुडघा लवकर होतो, नंतरची गोळी मिळत नाही. दोघंही हसलो. म्हणजे सगळ्यांना उपचार द्यायचे म्हटलं की कुठंतरी रांग लागणार, त्यांनी ती ऑपरेशनच्या दारात लावलीय, आपण मेडिकलच्या दारात. त्यांची रांग निदान मोजता तरी येते, दर महिन्याला आकडा छापतात, मंत्र्याला टीव्हीवर बसून उत्तर द्यायला लागतं. एक दिवसाआड गोळी खाणारे अप्पा कुठल्या यादीत मोजणार?

तरी कुणी म्हणालं की मग बंद करा ही योजना, तो पैसा दवाखान्यांना द्या, तर मी आडवा पडेन. त्या पहाटे ती नसती तर मी सावकाराकडं गेलो असतो, आणि सावकाराला प्रतिज्ञापत्रपण लागत नाही. दवाखाने सुधारेपर्यंत कॅथलॅबच्या दारातल्या माणसानं काय करायचं?

तर मार्क. इमर्जन्सीला पाचपैकी पाच. आरोग्यमित्र ताईंना सहा. डायलिसिसला काकूच्या वतीनं पाच. कागदपत्रांना दोन, तेपण दाजींच्या मोटारसायकलला. वरकड पैसे मागण्याला शून्य. डिस्चार्जनंतरच्या काळजीला एक, त्या दहा दिवसांच्या पिशवीसाठी.

ज्यांच्या घरी साठीच्या पुढचं कुणी आहे त्यांनी हे वाचून एवढं करा, आजच. आधार आणि रेशनकार्डवरचं नाव शेजारी ठेवून एक एक अक्षर जुळवा. आधारला कुठला नंबर जोडलाय आणि तो चालू आहे का बघा. आयुष्मान कार्ड आत्ताच काढून ठेवा, ॲटॅक आल्यावर नाही. तुमच्या भागात योजनेचं कुठलं हॉस्पिटल आहे आणि तिथं हृदयाचं होतं का हे फोन करून विचारा, सगळ्यांकडं सगळं होत नाही. आधार आणि रेशन, दोन्ही कार्डांचे फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. कुणी साध्या कागदावर पैसे घेतले तर त्या कागदाचापण फोटो काढा, माझे 11 हजार त्या फोटोमुळं आले.

अप्पांचं रेशनकार्ड दुरुस्तीला दिलंय, चार महिने झाले. परवा तहसीलमधनं नवीन प्रिंट मिळाली, ग्यानबाचं ज्ञानोबा झालंय, फक्त आता आईचं नाव चुकलंय.